मोठ्या सुतार पक्ष्यांचे परसातील निरीक्षण व छायाचित्रण

उत्तर अमेरिकेत परसात चरबीचे खाद्य टांगून मोठ्या सुतार पक्ष्यांना जवळून पाहण्याचा व टिपण्याचा छंद. यातील प्रमुख पक्षी म्हणजे पायलिएटेड सुतार (ड्रायोकोपस पायलिएटस). तो साधारण कावळ्याएवढा असून लांबी ४०–४९ सेंमी., वजन २५०–३५० ग्रॅ. असते. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये दिलेल्या ‘पायलिएटस’ या नावाचा अर्थ टोपीधारी असा आहे. लाल तुरा नर-मादी दोघांनाही असतो. चोचीमागची गालपट्टी मात्र नरात लाल, मादीत काळी असते.

निसर्गात हा पक्षी वठलेल्या लाकडात लांबट चौकोनी भोके पाडून आतील मुंग्या खातो. परसात त्याच्यासाठी गुरांची घट्ट चरबी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. पिंजऱ्याखाली लांब फळी हवीच. सुतार पक्षी ताठ शेपटीची पिसे खोडावर टेकवून तोल सांभाळतो. नुसत्या लोंबत्या पिंजऱ्यावर एवढा मोठा पक्षी झोके खात राहतो व बहुधा परततच नाही. उन्हाळ्यात चरबी वितळून पिसांना चिकटते, म्हणून ती काढून घ्यावी.

पक्षी सहसा थेट खाद्यावर उतरत नाही. आधी खोडावर खालच्या बाजूस बसतो, आडोशाला सरकून डोके तेवढे बाहेर काढतो, मग उड्या घेत वर चढतो. कॅमेरा याआधीच रोखलेला असावा. काळ्या अंगामुळे कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फसते आणि चेहऱ्यावरचे पांढरे पट्टे जळतात (अतिप्रकाशाने त्यांतील तपशील नाहीसा होतो). उघडीक (एक्स्पोजर) थोडी कमी ठेवल्यास ते वाचतात. ठोका बसण्याच्या क्षणी तिसरी पापणी (डोळ्यावर सरकणारा पातळ पडदा) मिटते, त्यामुळे काही छायाचित्रांत डोळा धुरकट दिसतो. तो भिंगाचा दोष नव्हे.

स्पष्ट छायाचित्राचे मोल हस्तिदंती चोचीच्या सुताराविषयीच्या (कॅम्पेफिलस प्रिन्सिपॅलिस) वादात दिसते. या पक्ष्याचे सर्वमान्य असे शेवटचे दर्शन १९४४ मध्ये अमेरिकेच्या लुइझिॲना राज्यात झाले. आर्कन्सा राज्यात २००४ साली घेतलेल्या काही सेकंदांच्या अस्पष्ट चित्रफितीच्या आधारे पक्षिशास्त्रज्ञ फिट्झपॅट्रिक व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तो जिवंत असल्याचा दावा केला. पक्षितज्ज्ञ सिब्ली व इतरांनी २००६ मध्ये तो पक्षी पायलिएटेडच असल्याचे प्रतिपादन केले : पंखांची खालची पांढरी बाजू चित्रफितीत वरची वाटली असावी. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. हस्तिदंतीच्या पंखांची मागची कड पांढरी असते; पायलिएटेडमध्ये ती काळी असून पांढरा रंग पंखाखाली पुढच्या भागात असतो. बसलेल्या हस्तिदंतीच्या पाठीवर खालच्या बाजूस मोठा पांढरा भाग दिसतो, तर पायलिएटेडची पाठ सलग काळी असते. म्हणून दुर्मिळ पक्षी दिसल्याचा संशय आल्यास चेहऱ्याबरोबर पाठ व उघडलेले पंखही टिपावेत.

‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ या उपक्रमात हौशी निरीक्षक हिवाळ्यात परसातील पक्ष्यांच्या नोंदी पाठवतात. त्याची सुरुवात १९७६ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील सर्वेक्षणातून झाली.