स्टॉरमाँटमधील पर्यावरण प्रश्नोत्तरे

उत्तर आयर्लंडच्या विधानसभेतील सदस्य पर्यावरण धोरणाबाबत तेथील मंत्र्यांना जाब विचारतात, ती पद्धत. बेलफास्ट शहराच्या पूर्व भागातील स्टॉरमाँट येथे ही विधानसभा भरते. 1998 च्या बेलफास्ट शांतता करारानंतर लंडनच्या संसदेने शेती, पर्यावरण, पाणीपुरवठा, रस्ते असे विषय तिच्याकडे सोपवले. त्यामुळे नदीत मैला आला किंवा तळ्यात शेवाळ माजले, तर उत्तर द्यायचे ते स्टॉरमाँटच्या मंत्र्याने. असे विषय लंडनमध्ये विचारायचे नाहीत हा दंडक तर त्याहून जुना आहे. उत्तर आयर्लंडच्या पहिल्या संसदेच्या काळात, 1923 साली, ब्रिटिश कॉमन्स सभागृहाच्या अध्यक्षांनी तसा निर्णय दिला होता. दंडक योग्यच आहे, पण त्याला एक धोका चिकटलेला आहे. स्टॉरमाँट बंद पडले की प्रश्न विचारायला दुसरे दार उरत नाही, आणि ते अनेकदा बंद पडले आहे.

विधानसभेत 18 मतदारसंघांतून प्रत्येकी पाच असे 90 आमदार असतात. युनियनवादी (ब्रिटनसोबत राहू पाहणारे) आणि राष्ट्रवादी (आयर्लंडशी एकीकरण हवे असलेले) अशा दोन्ही बाजूंच्या पक्षांनी मिळून सरकार चालवावे, असे बंधन आहे. त्यामुळे बहुतेक मोठे पक्ष सत्तेत असतात आणि एकाच सरकारातल्या पक्षांचे आमदार एकमेकांच्या मंत्र्यांना धारेवर धरतात. अधिकृत विरोधी पक्षाची तरतूद 2016 मध्ये झाली. 2024 पासून ती जागा एसडीएलपी या राष्ट्रवादी पक्षाकडे आहे.

प्रश्नांचा मुख्य तास सोमवारी आणि मंगळवारी दुपारी दोन वाजता सुरू होतो. एका मंत्र्याच्या वाट्याला 45 मिनिटे येतात. पहिली 30 मिनिटे आधी दिलेल्या प्रश्नांची, उरलेली 15 ताज्या विषयांची. कोणाचा प्रश्न आधी येणार हे सोडतीने ठरते. महाराष्ट्र विधिमंडळातील तारांकित प्रश्नांची परंपराही वेस्टमिन्स्टरहून, म्हणजे ब्रिटिश संसदेतूनच आलेली असल्याने उपप्रश्नांची चढाओढ मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. पण पर्यावरणाच्या बाबतीत खरे काम लेखी प्रश्न करतात. त्यांचे उत्तर साधारणपणे 10 कामकाजाच्या दिवसांत यायला हवे, तातडीच्या प्रश्नाचे पाच दिवसांत. प्रश्न आणि उत्तर दोन्ही क्रमांकासह संकेतस्थळावर कायम राहतात. ‘गेल्या पाच वर्षांत जलप्रदूषणाचे किती गुन्हे सिद्ध झाले आणि दंड किती झाला’ असा साधा प्रश्न सभागृहात टाळ्या मिळवत नाही. त्याचे उत्तर मात्र पत्रकार, मच्छीमार, नदीकाठचे रहिवासी अशा सगळ्यांच्या हाती येते आणि पुढच्या प्रश्नाचा पाया बनते.

प्रत्येक खात्यामागे एक वैधानिक समिती असते. मंत्र्याला सल्ला देणे आणि त्याच्या कामाची छाननी करणे, अशी दुहेरी जबाबदारी तिच्यावर आहे. अधिकाऱ्यांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे आणि विधेयक कलमवार तपासणे हे तिचे काम.

ही यंत्रणा कशी निकामी ठरू शकते, हे अक्षय उष्णता प्रोत्साहन योजनेने दाखवले. कोळसा आणि तेल सोडून लाकडी गोळ्यांवर चालणारे बॉयलर वापरणाऱ्या उद्योगांना अनुदान देण्यासाठी 2012 मध्ये ती सुरू झाली. ग्रेट ब्रिटनमधील अशाच योजनेत वर्षाला 1,314 तासांनंतर अनुदानाचा दर उतरत असे. उत्तर आयर्लंडने ती पायरी वगळली. मध्यम आकाराच्या बॉयलरला एका युनिट उष्णतेमागे 5.9 पेन्स मिळत आणि इंधनाचा खर्च त्याहून कमी येई. म्हणजे जितके जाळाल तितका नफा. योजनेचे नियम उद्योग खात्याच्या समितीसमोर आले आणि विधानसभेने ते संमतही केले. इंधनाला खर्च किती आणि अनुदान किती, ही एक वजाबाकी त्या टेबलावर झाली असती तर पुढचा अनर्थ टळला असता.

2015 च्या शरद ऋतूत अर्जांचा लोंढा आला आणि फेब्रुवारी 2016 मध्ये नवे अर्ज बंद झाले. त्याच वर्षी जुलैत लेखापरीक्षकांचा अहवाल आल्यावर लोकलेखा समितीने अधिकाऱ्यांची झाडाझडती सुरू केली. 20 वर्षांत तिजोरीवर पडणाऱ्या जादा बोजाचा अंदाज 49 कोटी पौंडांपर्यंत गेला. योजना आली तेव्हा त्या खात्याच्या मंत्री असलेल्या अर्लीन फॉस्टर आता प्रथम मंत्री होत्या. 19 डिसेंबर 2016 रोजी त्यांच्या निवेदनावर बहिष्कार घालून इतर पक्षांचे आमदार सभागृहाबाहेर पडले. नंतर त्यांना पदावरून दूर करण्याच्या ठरावाच्या बाजूने 39 आणि विरोधात 36 मते पडली. तरी ठराव फेटाळला गेला, कारण अशा ठरावाला युनियनवादी आणि राष्ट्रवादी अशा दोन्ही बाजूंच्या आमदारांचा पाठिंबा लागतो. पुढच्याच महिन्यात उपप्रथम मंत्री (प्रथम मंत्र्याच्या बरोबरीचे पद) मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला, सरकार कोसळले आणि विधानसभा तीन वर्षे बंद राहिली. सर पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशी आयोगाने मार्च 2020 मध्ये अहवाल दिला. त्यात मुख्य ठपका भ्रष्टाचारापेक्षा अकार्यक्षमतेवर होता. मधल्या काळात, 2019 मध्ये, या योजनेचे दर कापणारा कायदा लंडनच्या संसदेला घाईने करावा लागला, कारण स्टॉरमाँटच्या बाकांवर कोणीच नव्हते.

दुसरा प्रसंग लॉख नेचा. क्षेत्रफळाने ब्रिटन आणि आयर्लंडमधील हे सर्वांत मोठे गोडे सरोवर असून उत्तर आयर्लंडच्या पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे 40 टक्के पाणी येथून येते. ईल माशांची मोठी पारंपरिक मासेमारीही येथे चालत आली आहे. 2023 च्या उन्हाळ्यात त्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा जाड थर पसरला. किनाऱ्यावर दुर्गंधी सुटली, पोहणे बंद झाले, पाळीव कुत्र्यांना पाण्यापासून दूर ठेवण्याचे इशारे लागले. मंत्री मात्र एकही नव्हता. फेब्रुवारी 2022 मध्ये पुन्हा सरकार मोडले होते आणि 3 फेब्रुवारी 2024 पर्यंत खात्यांचा कारभार आधी काळजीवाहू मंत्री, नंतर सनदी अधिकारी पाहत होते. लोकांनी निवडून दिलेले 90 आमदार होते, पण प्रश्नोत्तराचा तास नव्हता. पाणी हिरवे होत असताना ही जागा रिकामी असणे हा त्या लोकांवर झालेला अन्याय होता, असे स्पष्टच म्हणावे लागते.

सरकार परतल्यावर कृषी, पर्यावरण व ग्रामीण व्यवहार मंत्री अँड्र्यू म्युअर यांच्यावर प्रश्नांची सरबत्ती झाली. जुलै 2024 मध्ये 37 कृतींचा आराखडा आला. तो एकट्या मंत्र्याला लागू करता येत नव्हता. महत्त्वाचे किंवा वादग्रस्त निर्णय संपूर्ण मंत्रिमंडळाकडे न्यावे लागतात, आणि ‘उशीर का’ या प्रश्नाचे उत्तर बरेचदा तिथे अडते. दुसरी अडचण खात्यांच्या वाटणीची. सरोवरात जाणाऱ्या फॉस्फरसपैकी सुमारे 62 टक्के शेतीतून येतो, म्हणजे तो म्युअर यांचा विषय. सांडपाण्याचा वाटाही मोठा आहे, पण सरकारी मालकीच्या एनआय वॉटर कंपनीला पैसे देते पायाभूत सुविधा खाते. सरोवराच्या तळाची मालकी शाफ्ट्सबरीच्या अर्ल या सरदार घराण्याकडे. त्यामुळे जाणता आमदार एकाच दिवशी दोन खात्यांना एकच प्रश्न घालतो आणि दोन उत्तरे शेजारी ठेवतो. खते आणि शेणखताच्या वापरावर कडक नियमांचा मसुदा 2025 मध्ये आला, तेव्हा शेतकरी संघटना खवळल्या आणि प्रश्नांचा रोख उलटला. ग्रामीण मतदारसंघांतील आमदार मंत्र्याला विचारू लागले की हा भार शेतकऱ्याने एकट्याने का सोसावा. हा प्रश्नही तितकाच रास्त होता.

2022 च्या हवामान बदल कायद्याने प्रश्नांना कायदेशीर बळ दिले. 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे लक्ष्य त्यात आहे. मिथेनसाठी मात्र 46 टक्के घटीची वेगळी मर्यादा आहे, कारण अर्थव्यवस्था गाई-मेंढ्यांवर टेकलेली आहे. या कायद्याची धार जून 2025 मध्ये दिसली. ए-5 महामार्गाच्या नव्या चौपदरी मार्गाला दिलेली मंजुरी उच्च न्यायालयाने रद्द केली, कारण रस्ता हवामान उद्दिष्टांशी जुळतो हे पायाभूत सुविधा खात्याला दाखवता आले नव्हते. या रस्त्यावर अनेक जीव गेलेले असल्याने निकालानंतर सभागृहात संताप उसळला. रस्ता हवा की कायदा, असा पेच मंत्र्यांपुढे मांडला गेला आणि खाते अपिलात गेले.

एक प्रश्न मात्र मंत्री बदलले तरी परत येतो. पर्यावरणाची देखरेख करणारी संस्था, एनआयईए, त्याच खात्यात बसते ज्याच्याकडे शेतीला प्रोत्साहन देण्याचे काम आहे. 2016 मध्ये खात्यांची संख्या 12 वरून नऊवर आणताना ही दोन कामे एकत्र आली. 2022 पासून पर्यावरण संरक्षण कार्यालय ही स्वतंत्र संस्था उत्तर आयर्लंडवरही लक्ष ठेवते आणि तिचे अहवाल आमदारांच्या प्रश्नांत येतात. पण सरकारी यंत्रणा कायदा पाळतात की नाही, हे पाहणे हे तिचे मुख्य काम. प्रदूषण करणाऱ्या कारखान्याला किंवा शेताला परवाना देणे आणि तिच्यावर कारवाई करणे एनआयईएकडेच आहे. सरकार पुन्हा उभे करताना झालेल्या जानेवारी 2020 च्या करारात स्वतंत्र पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन करण्याचे आश्वासन होते. 2025 उजाडले तरी ती झालेली नव्हती, आणि ती कधी होणार हे आमदार मंत्र्यांना विचारतच आहेत.