मैलापाणी गाळणारा पडदा

सोलापुरात नळाला पाणी कधी येणार, यावर घरातलं धुणं-भांड्यांचं गणित बसवावं लागतं. हे पाणी उजनीतून येतं, शंभरेक किलोमीटरवरून. आणि त्याच उजनीत भीमेवाटे पुणे-पिंपरीकडचं सांडपाणीही उतरतं. म्हणजे दुसऱ्यांनी वापरलेलं पाणी शुद्ध करून आपण वर्षानुवर्षं पितोच आहोत. मग आपल्याच शहरातलं मैलापाणी स्वच्छ करून डाइंगला, बॉयलरला, बागांना का देऊ नये? द्यावंच, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी आज हाताशी असलेलं एक भरवशाचं तंत्र म्हणजे मेम्ब्रेन बायोरिॲक्टर, म्हणजेच एमबीआर.

मैलापाण्यात हवा सोडून जिवाणू वाढवायचे आणि घाण त्यांच्याकडून खाववून घ्यायची, ही पद्धत १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टरला मांडली. बहुतेक शहरांतली केंद्रं आजही याच तत्त्वावर चालतात. तिची दुखरी जागा शेवटच्या टाकीत आहे. तिथे जिवाणूंचे पुंजके, म्हणजेच गाळ, तळाशी बसावे लागतात, तरच वर नितळ पाणी उरतं. पुंजके फुगले, हलके झाले की ते पाण्याबरोबर थेट बाहेर पडतात.

एमबीआरमध्ये ही टाकीच लागत नाही. शेवयांसारख्या बारीक, आतून पोकळ अशा हजारो नळ्यांचे जुडगे गाळाच्या टाकीतच उभे केलेले असतात. पंप नळीच्या आतून हलकी ओढ लावतो. पाणी भिंतीतून झिरपून आत येतं, गाळ बाहेर राहतो. ही भिंत म्हणजेच मेम्ब्रेन, गाळणारा पडदा. भिंतीतली छिद्रं साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची, तर जिवाणू एक मायक्रॉनच्या आसपासचा. त्यामुळे जवळपास सगळे जिवाणू अडतात. गाळ तळाशी बसण्याची वाट पाहायची नसल्याने तो दाट ठेवता येतो: नेहमीच्या केंद्रात लिटरमागे तीनेक ग्रॅम, इथे ८ ते १२ ग्रॅम. तेवढ्याच कामाला जागा बरीच कमी लागते. शिवाय अमोनियाचं नायट्रेट करणारे संथ वाढीचे जिवाणूही टाकीत टिकून राहतात.

पूर्वी पडदा टाकीबाहेर असे आणि गाळ दाबाने त्यावरून फिरवावा लागे. विजेचं बिल परवडत नसे. १९८९ मध्ये जपानच्या काझुओ यामामोतो आणि सहकाऱ्यांनी पडदा टाकीतच बुडवून दाखवला, तिथून हे तंत्र पसरलं.

सोलापूरकरांनी यातली एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पडदा अडवतो ते कण. विरघळलेलं मीठ त्यातून सरळ निघून जातं, विरघळलेला रंगही बराचसा जातो. चादरी-टॉवेलच्या सुताला रिॲक्टिव्ह रंग चढवताना भरपूर मीठ पडतं. त्या पाण्याला एमबीआर एकटं पुरत नाही, पुढे आरओ, म्हणजे विरघळलेलं मीठही अडवणारा पडदा, लागतोच. पण एमबीआरचं पाणी इतकं गाळीव असतं की आरओचे पडदे लवकर तुंबत नाहीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या भागात ही जोडगोळी मला सर्वांत सयुक्तिक वाटते, कारण पाणी शुद्ध झालं की गिऱ्हाईक शेजारीच आहे.

इथेच टॉवेलच्या धुलाईतून सुटणारी तूसही आडवी येते. केस आणि तूस यांचा पीळ नळ्यांभोवती बसला की हवा पोचत नाही, मध्ये गाळ थापला जातो आणि तो हातांनी सोडवताना नळ्या तुटतात. म्हणून आधी एक ते दोन मिलिमीटरची बारीक चाळण हवीच. तिच्यावर पैसे वाचवायला जाऊ नये.

बाकी निगा रोजची आहे. खालून हवेचे मोठे बुडबुडे सोडून नळ्या घासत राहायच्या, काही मिनिटं ओढ लावली की थोडं थांबायचं, अधूनमधून हायपोक्लोराइटने जिवाणूंचा चिकट थर काढायचा आणि क्षार बसले असतील तर सायट्रिक ॲसिड वापरायचं. या सततच्या हवेमुळेच वीज नेहमीच्या केंद्रापेक्षा जास्त लागते. शुद्ध केलेलं पाणी पुन्हा नाल्यातच सोडायचं असेल, तर हा खर्च करू नये. पुनर्वापराची पाइपलाइन आणि पाणी घेणाऱ्यांशी करार आधी झाले, तर मात्र तो नक्की करावा.