मध्यवर्ती समाशोधन आणि प्रतिपक्ष जोखीम

ओटीसी डेरिव्हेटिव्ह (व्याजदर, चलन अशा दुसऱ्या कशावर तरी मूल्य अवलंबून असलेले करार) व्यवहारांतील दोन्ही पक्षांच्या मध्ये उभी राहून प्रत्येकाची प्रतिपक्ष होणाऱ्या संस्थेमार्फत ते व्यवहार पुरे करण्याची पद्धती. ओटीसी करार एक्सचेंजवर न होता दोन बँकांमध्ये किंवा बँक व ग्राहक यांच्यात थेट ठरतात. व्याजदर स्वॅप (स्थिर व बदलत्या दराच्या व्याजाची अदलाबदल), परकी चलनाचे फॉरवर्ड (आज ठरलेल्या दराने पुढील तारखेचा सौदा) आणि क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप (कर्जदार बुडाल्यास भरपाईची हमी) हे त्यांचे प्रमुख प्रकार. व्याजदर स्वॅपची मुदत पाच, दहा, कधी तीस वर्षांचीही असते. त्या काळात समोरचा पक्ष बुडाला आणि त्या दिवशी करार आपल्या फायद्यात असला, तर तो फायदा हातचा जातो व तसाच करार चालू भावाने पुन्हा करावा लागतो. ही प्रतिपक्ष जोखीम होय. कर्जात किती पैसे अडकले आहेत हे सावकाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. येथे मात्र रक्कम बाजारभावाबरोबर बदलते आणि आजचा देणेकरी उद्याचा घेणेकरी होऊ शकतो. नुकसान होण्यासाठी पक्ष प्रत्यक्ष बुडावाच लागतो असेही नाही. बँकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बासल समितीच्या अंदाजानुसार 2007 नंतरच्या संकटात या जोखमीपोटी झालेल्या नुकसानीपैकी सुमारे दोनतृतीयांश नुकसान प्रतिपक्षाची पत घसरल्याने करारांचे मूल्य कमी धरावे लागल्यामुळे झाले. प्रत्यक्ष दिवाळखोरीचा वाटा सुमारे एकतृतीयांश होता.

मध्यवर्ती संस्थेने (समाशोधन गृहाने) व्यवहार स्वीकारला की नोव्हेशनद्वारे मूळ करार संपतो व त्याच्या जागी संस्थेशी केलेले दोन करार येतात. एका सभासदाची (संस्थेमार्फत व्यवहार करणाऱ्या बँकेची वा पेढीची) सर्वांशी असलेली देणी-घेणी मग एकाच निव्वळ रकमेत मिटतात; हीच वजावट. भावातील रोजचा फरक व्हेरिएशन मार्जिनने चुकता होतो. सभासद बुडाल्यापासून त्याचे करार निकाली निघेपर्यंतच्या संभाव्य तोट्यासाठी इनिशियल मार्जिन ही अनामत आधीच घेतलेली असते.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जपानमधील ओसाका येथील दोजिमा तांदूळ बाजाराला शोगुनशाहीने 1730 मध्ये मान्यता दिली. तेथील हिशेब मिटवणाऱ्या पेढ्यांना काही अभ्यासक पहिली समाशोधन गृहे मानतात. त्या पेढ्या व्यवहारांची नोंद ठेवत व वजावट करीत, याबद्दल फारसा वाद नाही. प्रत्येक व्यवहाराची पूर्ण हमी त्या घेत होत्या का, हा वादाचा मुद्दा आहे. दुसरा दावा शिकागोचा. तेथील बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये 1883 पासून समाशोधन होते, पण ते फरकाच्या रकमा चुकत्या करण्यापुरतेच. परस्परांत अडकलेले व्यवहार ‘रिंग’ करून सोडवण्याची रीत चालू राहिली आणि रिंगमधील एकजण बुडाला की बाकीच्यांवर बोजा येई. पूर्ण हमी देणारे महामंडळ शिकागोत 1925 मध्ये स्थापन झाले. मिनिआपोलिसच्या धान्यबाजारात तशी व्यवस्था 1891 पासूनची मानतात. युरोपात फ्रान्समधील ल हाव्र बंदरात कॉफीच्या वायद्यांसाठी 1882 मध्ये ‘केस द लिकिदासियाँ’ निघाली. कॉफीचा व्यापार तिकडे वळू लागल्यावर हॅम्बुर्ग (1887) व लंडन (1888) येथील व्यापाऱ्यांनी तशाच संस्था काढल्या. लंडनची संस्था आजच्या एलसीएच या समाशोधन गृहाची पूर्वज आहे. पक्षांमध्ये उभे राहून पूर्ण हमी देणे हाच निकष धरला, तर आधुनिक पद्धतीचा आरंभ ल हाव्रपासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

समाशोधन गृहेही बुडतात, आणि हा इतिहास पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. साखरेचे भाव कोसळल्यावर पॅरिसचे गृह 1974 मध्ये बंद पडले. क्वालालंपूरचे गृह 1983 मध्ये पामतेलाच्या वायद्यांत बुडाले. ऑक्टोबर 1987 मधील पडझडीत हाँगकाँगचा वायदेबाजार चार दिवस बंद ठेवून हमी देणाऱ्या महामंडळामागे सरकार व बँकांना सुरुवातीला सुमारे 2 अब्ज हाँगकाँग डॉलर उभे करावे लागले.

ओटीसी व्यवहार दीर्घकाळ या व्यवस्थेबाहेर राहिले. एलसीएचने 1999 मध्ये ‘स्वॅपक्लिअर’ ही सेवा सुरू केली, तरी सक्ती नव्हती. सप्टेंबर 2008 मध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप विकून बसलेल्या एआयजी या विमा समूहाला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने 85 अब्ज डॉलरचे कर्ज दिले. ते करार द्विपक्षी होते. लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक मात्र बुडाली. तिचे स्वॅपक्लिअरमधील 66,000 हून अधिक, सुमारे 9 लाख कोटी डॉलर दर्शनी मूल्याचे करार तीनेक आठवड्यांत निकाली निघाले. तिने ठेवलेल्या मार्जिनचा सुमारे एकतृतीयांश भाग त्यासाठी पुरला व अन्य सभासदांना तोशीस लागली नाही. या तफावतीचा धोरणावर मोठा परिणाम झाला. जी-20 देशांनी पिट्सबर्ग येथे सप्टेंबर 2009 मध्ये प्रमाणित ओटीसी करारांचे मध्यवर्ती समाशोधन 2012 अखेर सक्तीचे करण्याचे ठरवले. अमेरिकेचा डॉड-फ्रँक कायदा (2010) व युरोपीय संघाचा ‘एमिर’ नियम (2012) त्यातून आले. व्याजदर करारांत ही पद्धती आता सर्वसामान्य आहे. परकी चलनात ती अजून तोकडी आहे.

या पद्धतीने एकूण जोखीम कमी होतेच का, या प्रश्नावर डॅरेल डफी व हाओशिआंग झू या अभ्यासकांचे 2011 मधील विश्लेषण महत्त्वाचे आहे. द्विपक्षी व्यवहारात दोन बँका व्याजदर, चलन व पत या सर्व प्रकारांतील देणी-घेणी एकमेकांत वळती करू शकतात. एकच प्रकार मध्यवर्ती संस्थेकडे नेला, तर त्या प्रकारात सर्व सभासदांमध्ये वजावट होते, परंतु प्रकारांमधली जुनी वजावट तुटते. सर्व प्रकार सारख्या आकाराचे व परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर प्रकारांची संख्या सभासदसंख्येच्या वर्गाला (सभासदसंख्या वजा 1) च्या चौपटीने भागून येणाऱ्या संख्येहून कमी असेल तेव्हाच सरासरी उघडी (प्रतिपक्ष बुडाल्यास गमवावी लागेल अशी) रक्कम घटते. दोन प्रकार असतील तर किमान 7 सभासद, चार असतील तर किमान 15 सभासद लागतात. प्रत्येक प्रकाराला वेगळी संस्था काढल्यास लाभ आणखी कमी होतो. यात मार्जिन विचारात घेतलेले नाही, असा आक्षेप आहे व तो रास्त आहे. तरी संस्था अनेक झाल्या की लाभ विखुरतो हा निष्कर्ष टिकून राहतो.

सभासद बुडाला की तोटा ठरलेल्या क्रमाने भरला जातो: आधी त्याचे मार्जिन व सर्व सभासदांच्या वर्गण्यांतून उभ्या राहिलेल्या हमी निधीतील त्याची वर्गणी, मग संस्थेचे स्वतःचे काही भांडवल, त्यानंतर इतरांच्या वर्गण्या. मोठ्या संस्थांनी दोन सर्वांत मोठे सभासद एकदम बुडाले तरी पुरेल इतका साठा ठेवावा, असा एप्रिल 2012 च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांचा दंडक आहे. सप्टेंबर 2018 मध्ये स्टॉकहोमच्या नॅसडॅक क्लिअरिंगमध्ये वीज वायद्यांतील एकाच सभासदाच्या तोट्याने इतरांच्या वर्गण्यांतले सुमारे 10.7 कोटी युरो खाल्ले. ते वायदे ओटीसी नसले, तरी निर्दोष सभासदांवर तोटा येतो तो असा. शिवाय भाव उसळले की मार्जिनची मागणी सर्वांकडून एकाच वेळी येते. मार्च 2020 मध्ये इनिशियल मार्जिन जगभरात सुमारे 300 अब्ज डॉलरने वाढले. प्रतिपक्ष जोखमीचा काही भाग अशा रीतीने रोकड टंचाईच्या जोखमीत बदलतो.

भारतात हे काम मुंबईतील दादर येथील क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही 2001 मध्ये स्थापन झालेली संस्था करते. परकी चलनाच्या फॉरवर्डची हमी ती डिसेंबर 2009 पासून, तर रुपयातील व्याजदर स्वॅपची मार्च 2014 पासून देते. द्विपक्षी वजावटीला निःसंदिग्ध कायदेशीर आधार मात्र 2020 च्या कायद्याने मिळाला. देखरेखीविषयी सहकार्याचा करार न झाल्याने युरोपीय रोखे नियामकाने ऑक्टोबर 2022 मध्ये या संस्थेसह सहा भारतीय समाशोधन संस्थांची मान्यता काढून घेण्याचे जाहीर केले व 30 एप्रिल 2023 पासून ते अमलात आले. जर्मन व फ्रेंच नियामकांनी आपापल्या बँकांना या संस्थांमार्फत व्यवहार चालू ठेवण्यास ऑक्टोबर 2024 पर्यंत सवलत दिली. ब्रिटनपुरता हा तिढा बँक ऑफ इंग्लंड व रिझर्व्ह बँक यांच्यातील डिसेंबर 2023 च्या सामंजस्य कराराने सुटण्याच्या मार्गाला लागला.