श्रावणात आमच्या भाटीचं पोट कसं काय सुधारलं?

आमच्या भाटीचं, म्हणजे चिंगी मांजरीचं पोट जवळजवळ वर्षभर बिघडलेलंच होतं. दोन दिवस बरी, तिसऱ्या दिवशी पातळ शी, मधेच वांती, आणि मान खाजवून खाजवून तिथले केसच गेलेले. देवगडकडे आमचं घर, समुद्र हाकेवर, त्यामुळे तिचं जेवण म्हणजे बांगड्याची डोकी, पेडव्यांची आतडी, मासा कुस्करलेला भात, वर दोन चमचे दूध आणि थोडा पाकिटातला कोरडा खाऊ. डॉक्टरांनी शी तपासली, जंताचं औषध दिलं, त्याने आठवडाभर बरं वाटलं आणि मग परत तेच.

मग श्रावण आला. तसा १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते, पण तेव्हा सुकट, बोंबील, सोडे चालू असतात, आणि मांजर सुकटीचा डबा उघडल्याचा आवाज तिसऱ्या घरातून ऐकतं. श्रावणात मात्र आमच्याकडे तेही बंद ते गणपती जाईपर्यंत, आणि मुख्य म्हणजे आमच्या वाडीतल्या बहुतेक घरांत हेच, त्यामुळे शेजारी जाऊन गपचूप खायची सोयही नाही. चिंगीला उकडलेलं अंडं, दूध नेहमीचंच, आणि तो पाकिटातला खाऊ (कोंबडीचा, नशिबाने त्यात मासा नव्हता). दहाएक दिवसांत शी घट्ट झाली, पुढे मानेवर लव यायला लागली. आई म्हणाली देवाची कृपा, मी म्हटलं असेल. गणपती गेले, घरात बांगडा आला आणि तिसऱ्या दिवशी ओटीवर परत पातळ.

हे डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले अहो आम्ही लोकांच्या हातापाया पडून जे करायला सांगतो ते तुमच्याकडे पंचांगाने करून टाकलं.

मांजराचं पोट तीन आठवड्यांपेक्षा जास्त बिघडलेलं असेल तर त्याला जुनाट म्हणतात. जंत, थायरॉईड वगैरे गोष्टी बघून झाल्या की पुढची पायरी म्हणजे वगळणीचा आहार. मांजराने आधी कधी न खाल्लेलं एकच प्रोटीन द्यायचं, किंवा डॉक्टरांकडे मिळणारा हायड्रोलाइज्ड खाऊ, ज्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची संरक्षण यंत्रणा त्याला सहसा ओळखत नाही आणि त्यामुळे भांडायलाही उठत नाही. बाकी सगळं बंद, म्हणजे खरंच बंद, ताटातला घासही नाही. पोट सुधारायचं असेल तर बहुतेक वेळा दोन आठवड्यांत दिसतं, कातडीला आठ-आठ आठवडे लागतात.

पण माणसं चुकतात ती इथून पुढे. पोट सुधारलं की आपण खूश होऊन थांबतो, आणि सुधारलं म्हणजे नक्की कशाने ते कळलेलंच नसतं. २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, पोटाचा जुना त्रास असलेली ५५ मांजरं. आहार बदलल्यावर त्यातली १६ बरी झाली आणि जुनं खाणं परत दिल्यावर परत बिघडली, म्हणजे त्यांचा दोष खाण्यातच होता. आणखी ११ मांजरंही बरी झाली, पण जुनं खाणं परत दिलं तरी त्यांना काहीच झालं नाही! ती ११ जर तिथेच सोडली असती तर त्यांना जन्मभर उगाच पथ्य लागलं असतं. म्हणून वगळलेलं परत देऊन बघणं, तेही एका वेळी एकच.

आता आमच्या केसमध्ये दूध निर्दोष सुटलं कारण श्रावणातही ते चालूच होतं (बाकी मोठ्या मांजरांत दूध पचवणारं लॅक्टेज कमी झालेलं असतं, बऱ्याच जणींना दुधानेच जुलाब होतात). पण मासाच, हे तरी कशावरून? आम्ही द्यायचो ती कच्ची आतडी, कधी दुपारपर्यंत उन्हात राहिलेली. काही माशांत कच्चेपणी थायमिनेज असतं, ते बी१ जीवनसत्त्व नासवतं, शिजवलं की जातं. आणि शिळ्या बांगड्यात हिस्टामिन नावाचं त्रासदायक रसायन तयार होतं, ते तर शिजवूनही जात नाही. म्हणून परत महिनाभर बंद ठेवून मग सकाळचा ताजा बांगडा, काटे काढून, बिनमिठाचा उकडून दिला. चौथ्या दिवशी पातळ. म्हणजे बांगडाच.

आई अजून मानत नाही. "मांजराक मासो घालूचो नाय तर काय वालीची भाजी घालूची?" पण घरच्या मांजराचा पूर्वज हा आफ्रिकेकडचा कोरड्या मुलखातला रानमांजर, उंदीर खाणारा, मासे त्याला दाखवले आपण. आणि मांजरांना ज्याची ॲलर्जी येते त्यात मासा, कोंबडी, बीफ हेच पुढे असतात, कारण रोज तेच तर पोटात जातं.

मासा बंद म्हणून नुसता अंडं-भातही चालत नाही. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल मांजराला खाण्यातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं की डोळा आणि हृदय दोन्ही जातं, हृदयाचं तर १९८७ मध्ये सिद्ध झालं. जुन्या जुलाबात बी१२ जीवनसत्त्व पण कमी होऊ शकतं, चिंगीला त्याची इंजेक्शनं द्यावी लागली. आणि नवीन खाणं आवडत नाही म्हणून उपाशी ठेवू नका, मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साचून जिवावर बेतू शकतं. हळूहळू आठवडाभरात बदला.

आता कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी चिंगीच्या शीचा हिशोब असतो. कोळंबी तपासायची राहिल्ये, पण कोळंबी घरात आली की तिच्या वाट्याला उरतच नाही.