पाणी दिसेनासं होतं ते चित्र

समुद्र, वर जाणारा बाण, ढग, डोंगर, नदी आणि पुन्हा समुद्र. जलचक्राचं हे चित्र मोठ्यांना लगेच कळतं, कारण उत्तर त्यांना आधीच माहीत असतं. पाच वर्षांच्या मुलाचं घोडं नेमकं बाणापाशी अडतं. वर काय गेलं, ते त्याला दिसलेलंच नसतं. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या अंगणवाडीत किंवा पहिली-दुसरीत जलचक्र चित्रकथेतून सांगायचं, तर सगळी मेहनत पाणी दिसेनासं होतं त्या एका चित्रावर घ्यावी.

तयार गोष्टींत तिथं हमखास डोळे-तोंड असलेला थेंब पंख लावून उडतो. मुलं खूश होतात, पण थेंब अख्खाच्या अख्खा वर जातो हे मनात पक्कं बसतं. पांढऱ्या वळणदार रेषांची ‘वाफ’ त्याहून वाईट. किटलीच्या तोटीला लागून बोटभर मोकळी जागा दिसते, खरी वाफ तिथं असते आणि ती दिसत नाही. पुढचं पांढरं म्हणजे गार होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. पांढरी रेषा बघून मूल ठरवतं की पाणी उकळल्याशिवाय वर जातच नाही.

त्यापेक्षा वाळत घातलेला टॉवेल काढावा. ए-फोर कार्डशीटचे दोन भाग केले की एकेक कार्ड होतं. पहिल्यावर निथळणारा टॉवेल आणि खाली ओली जमीन, दुसऱ्यावर जमीन सुकलेली पण टॉवेल दमट, तिसऱ्यावर टॉवेल कोरडा. दोरी, चिमटे आणि मागची भिंत तिन्हींवर अगदी तीच हवी, नाहीतर मूल टॉवेल सोडून भिंतीचा रंग का बदलला ते विचारत बसतं. हसरा सूर्य नको, तो पाणी पितो असं मुलं सांगतात. चौथ्या कार्डावर हाच टॉवेल पडवीत, सावलीत वाळताना दाखवावा. कार्डांवर मजकूर नसावा. वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलंही असतात, त्यांनाही चित्रं तितकीच वाचता येतात.

‘पाणी कुठं गेलं?’ या प्रश्नाला ‘जमिनीत गेलं’, ‘टॉवेलनं पिलं’ अशी उत्तरं येतील. ती लगेच खोडू नयेत. स्टीलच्या पेल्यात निम्मा बर्फ आणि थोडं शाईचं पाणी घालावं, वर झाकणी ठेवावी, पेला बाहेरून कोरडा पुसावा आणि पाच-दहा मिनिटं थांबावं. बाहेर थेंब जमतात. ते पांढऱ्या फडक्यानं टिपले की निळा डाग पडत नाही, म्हणजे ते आतलं पाणी नव्हे, हवेतलं. इथं मातीचा माठ वापरू नये, तो खरोखरच पाझरतो आणि सगळा पुरावा बुडतो. कोरड्या हवेत नुसत्या गार पाण्यानं पेल्याला घाम फुटत नाही. तेव्हा बर्फच हवा, विशेषतः अथणीकडे मार्चमध्ये.

वाळण्याचा प्रयोग मात्र जुलैत खानापुरात करायला जाऊ नये. हवाच इतकी दमट असते की ताटलीतलं पाणी दिवसभर हलत नाही. एप्रिल-मे सुट्टीत जातो, म्हणून फेब्रुवारी-मार्च बरा. काळ्या प्लॅस्टिकच्या ताटलीत चार चमचे पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून उन्हात ठेवावं. पाणी जातं, पांढरा थर मागं राहतो. समुद्र खारट असूनही पाऊस गोडा का, याचं उत्तर मुलं मग स्वतःच देतात.

ढगाच्या कार्डावर फार रेंगाळू नये. ढगातला एक थेंब जेमतेम 0.02 मिलिमीटरचा, असे सुमारे दहा लाख मिळून 2 मिलिमीटरचा पावसाचा थेंब होतो, हे शिक्षकांपुरतं. फक्त पावसाचा थेंब वर निमुळता काढू नये. लहान थेंब गोल असतो, मोठा खालून चपटा.

खरी गंमत पाऊस पडल्यानंतर आहे आणि तिथं वर्तुळ मोडून फाटे काढावेत. खानापूर तालुक्यासारखं ठिकाण यासाठी शोधून सापडणार नाही. कणकुंबीला पडलेला थेंब मलप्रभेतून सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात, पुढं कूडलसंगमला कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. त्याच तालुक्यात भीमगडच्या रानात पडलेला दुसरा म्हादईतून गोव्यात, अरबी समुद्राला. तिसरा भाताच्या मुळांनी ओढला आणि पानांतून पुन्हा हवेत गेला, समुद्र न बघताच. चौथा मुरून विहिरीत उतरला. हे विहिरीचं कार्ड बहुतेक गोष्टींत नसतंच. खरं तर नद्यांना पाऊस पुरतो, हे मोठ्यांनाही मोजल्याशिवाय पटलं नव्हतं. 1674 मध्ये पिएर पेरो या फ्रेंच माणसानं सेन नदीच्या वरच्या भागाचा हिशेब मांडला, तेव्हा पाऊस नदीच्या पाण्याच्या सुमारे सहापट भरला.

कार्डं समजली का, हे क्रमानं लावायला सांगून कळत नाही, क्रम पाठ होतो. विहिरीचं कार्ड हातात देऊन तिथून गोष्ट पुढं सांगायला लावावी. रहाट, घागर, वाळत घातलेलं धुणं, हवा असं मूल सांगत गेलं तर ठीक. ‘गोष्ट समुद्रापासूनच सुरू होते’ म्हणून अडलं, तर पुन्हा टॉवेलची कार्डं काढावीत.