पार्श्वभूमी: सरासरी नेमकी कुठल्या क्षेत्राची?

मराठवाड्यात गेली चाळीस वर्षं दोन हिशेबांवरून भांडण चालू आहे: विकासाचा अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत राहिलेली तूट, आणि पीकविमा. दोन्हींच्या मुळाशी पुण्यातल्या एकाच प्राध्यापकांचं, वि. म. दांडेकरांचं, काम आहे. संख्याशास्त्र हा त्यांच्या अभ्यासाचा पाया. १९७१मध्ये एका सहकाऱ्यासोबत त्यांनी माणशी रोज २२५० कॅलरींच्या निकषावर देशातली गरिबी मोजली आणि नाव सर्वदूर झालं. मराठवाड्याशी गाठ पडली ती पुढच्या कामांमुळे.

१९८३मध्ये राज्य सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली. पुढच्या वर्षी एकूण अनुशेष ३१८६.७८ कोटी रुपये निघाला: विदर्भ १२४६.५५ कोटी, मराठवाडा ७५०.८५ कोटी, उर्वरित महाराष्ट्र ११८९.३८ कोटी. शेवटचा आकडा मराठवाड्यात अजून खुपतो. समितीने विभाग नव्हे, जिल्हा हा घटक धरला होता. राज्याच्या सरासरीखाली असलेल्या जिल्ह्याची तूट मोजायची, पण शेजारच्या पुढारलेल्या जिल्ह्याची शिल्लक त्यातून वजा करायची नाही. पश्चिमेकडच्या मागास जिल्ह्यांचीही तूट त्यामुळे पूर्ण धरली गेली. तत्त्व म्हणून ते चुकीचं नव्हतं. जिल्ह्याच्या पोटातले कोरडे तालुके मात्र झाकले गेले. समितीचं सर्वांत भक्कम काम सिंचनाचं: उसाचा हेक्टर आणि ज्वारीचा हेक्टर पाण्याच्या हिशेबात सारखा नसतो, म्हणून सगळी क्षमता रब्बी ज्वारीच्या समतुल्य हेक्टरांत मांडली गेली.

दुसऱ्या समितीने १९९४ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली, तेव्हा मराठवाड्याचा अनुशेष ४००४.५५ कोटींवर गेला होता आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३३७८.२० कोटी होता. हा असमतोल दूर करण्यासाठी १९९४मध्येच आलेल्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

पीकविम्याचा प्रस्ताव त्याआधीचा, १९७६चा. एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजणं खर्चाचं आणि वादाचं. म्हणून क्षेत्राचं सरासरी उत्पादन मोजा, ते उंबरठा उत्पादनाखाली, म्हणजे आधीच्या वर्षांवरून ठरवलेल्या पातळीखाली, गेलं की तिथल्या सगळ्या विमाधारकांना सारख्या दराने भरपाई द्या. १९७९चा प्रयोग, १९८५ आणि १९९९च्या योजना आणि २०१६पासूनची सध्याची योजना याच तत्त्वावर उभी राहिली. प्रस्तावात एक अट होती: क्षेत्र एकजिनसी, म्हणजे सगळीकडे सारख्या परिस्थितीचं, हवं. सगळा वाद या अटीचा आहे, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही असं आमचं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे घटक आहे महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट. मंडळात एका पिकाचे किमान दहा पीक कापणी प्रयोग होतात. गट नंबर यदृच्छ पद्धतीने निघतो, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजतात, दोरी लावून साधारण १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा आखतात, तेवढंच पीक कापून, मळून वजन करतात. तलाठी किंवा कृषी सहायक आकडा लिहितो, विमा कंपनीचा माणूस शेजारी उभा असतो. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. पण एकाच मंडळात नदीकाठची काळी जमीन असते आणि मुरमाड माळही असतो. दहा तुकड्यांची सरासरी दोघांना सारखीच लागू होते.

२०२४पर्यंत याला थोडा आधार होता: पूर, गारपीट अशा स्थानिक आपत्तीत शेतकऱ्याचं नुकसान वैयक्तिक पंचनाम्याने धरलं जाई. खरीप २०२५पासून राज्याने शेतकऱ्याला एका रुपयात मिळणारा विमा बंद केला आणि ही तरतूदही काढली. त्या हंगामात भरपाई क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावरच राहिली. त्याच सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेडमध्ये नद्या शिवारात शिरल्या. काठावरचं सोयाबीन मातीसकट खरवडून गेलं, माळावरचं थोडंफार वाचलं, आणि दोन्ही शेतं एकाच सरासरीत आली.

२०१६च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत प्रमुख पिकांसाठी गाव किंवा ग्रामपंचायत हाच घटक सांगितलेला आहे. तो धरायचा तर प्रयोगांची संख्या आणि ते करणारी माणसं, दोन्ही कैक पटींनी वाढवावी लागतील.