कुत्रं मागे लागलं की वेग वाढवू नका

जॉगिंग करताना कुत्रं अंगावर आलं तर जोरात पळून सुटका होते, हा जुना समज धोकादायक आहे. हौशी धावपटू ताशी 10-12 किलोमीटर वेगाने धावतो. भटकं कुत्रं ताशी 30 सहज गाठतं. शिवाय पळणाऱ्याचा पाठलाग करणं ही त्याची उपजत प्रवृत्तीच. म्हणून थांबा. नजरेला नजर भिडवू नका, हात अंगाशी घ्या, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. बहुतेकदा त्याचा रस तिथेच संपतो. पडलातच तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि चेहरा झाका.

चावलं, अगदी नुसता ओरखडा उठला तरी जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य असतं.